शाळेची बस थांबते तेव्हाची दोन मिनिटं

मृद्गंधा | सोमवार, रात्री 10:42

हा धागा काढायला मला आठवडा लागला. आधी हात थरथरत होते, मग नुसता संताप होत होता. आता दोन्ही जरा निवलंय.

लेक साडेचार वर्षांची, ज्युनिअर केजीत. आम्ही पुण्यात, बावधनला. शाळा साडेबाराला सुटते आणि बस एकच्या सुमारास आमच्या गेटवर येते. मागच्या मंगळवारी बस आली, मावशींनी तीन मुलं उतरवली आणि दार लावायला घेतलं. सासूबाई न्यायला उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "आमची कुठंय?" मावशी म्हणाल्या, "ती आज बसलीच नाही, आजी. आईनं परस्पर नेली असेल." आणि बस गेली.

आईंनी मला ऑफिसात फोन केला, मी शाळेला केला. शाळा म्हणाली, बसच्या रांगेत उभी केली होती, वहीत टिक आहे. मावशींचा फोन बंद. काका गाडी चालवताना फोन उचलत नाहीत (एरवी मी याचं कौतुक करायचे). हिंजवडीहून बावधनपर्यंत मी कशी आले ते मला खरंच आठवत नाही.

ती बसमध्येच होती. मागून दुसऱ्या सीटवर झोप लागली आणि कुठल्याशा ब्रेकला घसरून दोन सीटांच्या मधल्या फटीत गेली. दप्तर पोटाशी धरून तिथेच गाढ झोपलेली. मावशी शेवटच्या स्टॉपवर उतरून घरी गेल्या. काकांनी बस मोकळ्या प्लॉटवर लावली, खिडक्या ओढून घेतल्या, दाराला कुलूप घातलं आणि निघाले. मग त्यांना आठवलं की पाण्याचा कॅन मागेच राहिलाय. तो आणायला गेले म्हणून ती दिसली. कॅन रोजच्यासारखा पुढे, इंजिनाजवळ असता तर, हा विचार मी रोज रात्री करते.

तिला काहीही झालेलं नाही. तिला वाटलं बस अजून शाळेतच उभी आहे.

शाळेचं, काकांचं नाव मी घेणार नाही. व्यनि (खाजगी निरोप) करूनही विचारू नका. त्या पाऊण तासात मला माझीच लाज वाटली, त्याबद्दल लिहायचंय. मला बसचा नंबर पाठ नव्हता. मावशींचं नाव माहीत नव्हतं, फोनमध्ये 'बस मावशी' एवढंच. आमच्यानंतर बस कुठे कुठे जाते आणि शेवटी कुठे उभी राहते, तेही नाही. आमच्या भाजीवाल्याचं गाव मला माहीत आहे.

बसने जाणाऱ्या लहानग्यांचे आईवडील नेमकं काय बघतात, काय विचारतात, ते लिहा. पुढच्या सोमवारी शाळेत बैठक आहे. मी हातात कागद घेऊन जाणार आहे.


चहाबाज | सोमवार, रात्री 11:05

वाचताना पोटात गोळा आला. आत्ता उठून जाऊन बसचा नंबर बघून आलो. म्हणजे बस इथे नाहीये, बायकोच्या फोनमध्ये बसपाशी काढलेला पहिल्या दिवसाचा फोटो होता, त्यात सापडला.


निर्गुडी | सोमवार, रात्री 11:48

मृद्गंधा, आधी एक घट्ट मिठी.

मी ठाण्यात मुलाच्या शाळेच्या परिवहन समितीवर दोन वर्षं होते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. महाराष्ट्रात शाळेच्या बससाठी 2011 पासून वेगळे नियम आहेत. त्यानुसार प्रत्येक शाळेत शालेय परिवहन समिती असायला हवी. मुख्याध्यापक अध्यक्ष असतात आणि पालक-शिक्षक संघाचा प्रतिनिधी, वाहतूक पोलीस, आरटीओचे निरीक्षक, बसवाल्यांचा प्रतिनिधी वगैरे सदस्य. थांबे कुठे असावेत, भाडं किती असावं, गाड्यांची कागदपत्रं ठीक आहेत का, हे सगळं या समितीनं बघायचं. ज्या बसमध्ये मुली आहेत तिथे स्त्री मदतनीस सक्तीची आहे. पिवळा रंग, आपत्कालीन दार, प्रथमोपचार पेटी, आग विझवायचं नळकांडं, खिडक्यांना आडव्या दांड्या हे तर आहेच.

आमच्या समितीच्या पहिल्या बैठकीत काय झालं सांगू? चहा, बिस्किटं आणि भाडेवाढ. मे महिन्याचे पैसे द्यायचे की नाही यावर सव्वा तास. मी सुरक्षेचा विषय काढला तेव्हा लोक खुर्च्या मागे सारत होते.

तुमच्या बैठकीत पहिला प्रश्न हाच विचारा: आपल्या शाळेची समिती आहे का, आणि तिची शेवटची बैठक कधी झाली? शाळा म्हणेल, "बस खाजगी कंत्राटदाराची आहे, आमचा संबंध नाही." ते ऐकून घेऊ नका. या नियमांत शाळेनं बसवाल्याशी करार करायचा असतो. त्या कराराची प्रत मागा. आमच्याकडे ती मागितल्यावर तीन आठवडे मिळाली नाही, आणि मिळाली तेव्हा तिच्यावरची शाई ओली होती असं माझं ठाम मत आहे.

दुसरं, आज घरबसल्या करता येईल असं. एम-परिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाका. फिटनेस कधीपर्यंत आहे, विमा चालू आहे का, पीयूसी आहे का, सगळं दिसतं. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन दोन वर्षांनी पासिंग करावं लागतं, त्याहून जुनीला दरवर्षी. आणि पाटी बघा. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं असतील तर गाडी भाड्यानं चालवायला नोंदलेली. पांढरी पाटी असेल तर ती घरगुती गाडी, पैसे घेऊन मुलं नेण्याचा तिला परवाना नाही, आणि उद्या काही झालं तर विमा कंपनी सगळ्यात आधी तेच बोट दाखवणार.


तिरपागडे | मंगळवार, सकाळी 7:15

नियम उत्तम आहेत हो. मोटार वाहन कायद्यात जादा प्रवासी भरले तर दंड किती माहितीये? 2019 च्या दुरुस्तीनंतर माणशी 200 रुपये. व्हॅनमध्ये चार पोरं जादा कोंबली, वर्षात एकदा पकडलं, आठशे रुपये. चार पोरांचे महिन्याचे पैसे किती येतात ते तुम्हीच मोजा. नियम मोडणं हा साधा फायद्याचा धंदा आहे.


पावशेर | मंगळवार, सकाळी 7:40

तिरपागडे, मुद्दा मान्य, पण धागाकर्तीच्या बसमध्ये जादा मुलं नव्हती. पिवळी बस, मावशी, वही, टिक, सगळं नियमानं. तरी पोर राहिली. त्यावर बोला की.


निशीकासाई | मंगळवार, सकाळी 9:20

पावशेर यांचा मुद्दा अगदी नेमका आहे.

आम्ही टोकियोत राहतो, मुलगा इथल्या बालवाडीत जातो. 5 सप्टेंबर 2022 ला शिझुओका प्रांतात माकिनोहारा इथे तीन वर्षांची मुलगी बालवाडीच्या बसमध्ये राहिली. सुमारे पाच तास. गेली ती. त्याच्या आदल्या वर्षी फुकुओका प्रांतात असंच एक पाच वर्षांचं मूल गेलं होतं. हा जपान आहे, जिथे गाडी मिनिटभर उशिरा आली तरी माफी मागतात. माकिनोहाराला उतरलेली मुलं कुणी मोजली नव्हती, आणि ती वर्गात नाही म्हणून घरी फोनही कुणी केला नव्हता. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं बघितलं असेल. तुमच्या मावशींचं "आईनं परस्पर नेली असेल" वाचून मला तेच आठवलं.

त्यानंतर इथे एप्रिल 2023 पासून बालवाडीच्या बसमध्ये एक यंत्र सक्तीचं केलं, बसवून घ्यायला वर्षभराची मुदत दिली. त्याचा एक साधा प्रकार असा: इंजिन बंद केलं की भोंगा वाजायला लागतो आणि तो बंद करायचं बटण बसच्या सगळ्यात मागे असतं. म्हणजे ड्रायव्हरला मागपर्यंत चालत जावंच लागतं. तुमच्या काकांचा पाण्याचा कॅन! कॅन नेहमी मागेच ठेवायला सांगा, मी गंमत करत नाहीये.

अजून एक. त्या वर्षी इथल्या बऱ्याच बालवाड्यांनी मुलांना हॉर्न वाजवायला शिकवलं. लहान हातात जोर पुरत नाही, म्हणून ड्रायव्हरच्या सीटवर चढून स्टिअरिंगकडे पाठ करायची आणि बूड टेकवून दाबायचं. मुलगा आठवडाभर घरातल्या प्रत्येक वस्तूवर बूड दाबत होता. तुमच्या बसचा हॉर्न किल्ली काढल्यावर वाजतो का, ते आधी काकांना विचारून घ्या. काही गाड्यांत नाही वाजत.


खोबरं_खजूर | मंगळवार, सकाळी 10:02

दोह्यातून वाचतेय. त्याच सप्टेंबरमध्ये इथे अल वक्राला चार वर्षांची भारतीय मुलगी केजीच्या बसमध्ये झोपून राहिली आणि गेली. तिचा वाढदिवस होता त्या दिवशी. आमच्या बिल्डिंगमध्ये कित्येक दिवस कुणी मुलांना बसने पाठवलं नाही. पुढे लिहवत नाही.


खडीसाखर | मंगळवार, दुपारी 1:30

मी बालरोगतज्ज्ञ आहे, कोल्हापुरात. दोन ओपीडींच्या मध्ये लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

बंद गाडी किती पटकन तापते याचा अंदाज आपल्याला नसतो. बाहेर फार ऊन नसलं तरी काचा बंद असल्या की अर्ध्या तासात आतलं हवामान बाहेरच्यापेक्षा भलतंच वेगळं होतं, आणि लहान मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापतं. मूल सापडलं आणि अंग गरम, सुस्त, बडबडतंय किंवा ओळखत नाही असं असेल तर सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंग ओलं करून वारा घाला आणि थेट दवाखाना गाठा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

पण हे सोडून मला वेगळं सांगायचंय. बस आणि लहान मूल म्हटलं की पालक वेगाबद्दल, ड्रायव्हर दारू पितो का याबद्दल विचारतात. ते विचाराच. माझ्या डोळ्यांसमोर मात्र जी मुलं येतात त्यांना बस धावत असताना लागलेलं नाही. बस उभी होती, नाहीतर नुकती हलली होती.

चार-पाच वर्षांचं मूल साधारण मीटरभर उंच. आपल्या बसला पुढे नाक नसतं, ड्रायव्हर उंचावर बसतो, आणि काचेच्या अगदी खाली उभं राहिलेलं मूल त्याला दिसत नाही. दार डावीकडे, तो उजवीकडे. डाव्या मागच्या चाकापाशी काय चाललंय हे त्याला फक्त आरशातून कळतं, तेही आरसा नीट लावलेला असेल तर. आता मूल उतरलं, हातातलं चित्र वाऱ्यानं उडालं आणि ते चाकाकडे वाकलं. किंवा आजी रस्त्याच्या पलीकडे दिसली आणि ते बसच्या पुढून पळालं. दोन सेकंदांचा खेळ असतो.

म्हणून मी दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक केजीवाल्याला एक खेळ शिकवते. बसमधून उतरलं की हत्तीची पाच पावलं सरळ बसपासून लांब, मग वळायचं आणि काकांना टाटा करायचा. काकांनी टाटा केला म्हणजे काकांना तू दिसलास. काही पडलं तर उचलायचं नाही, "पडलं!" असं ओरडायचं. बाटली नवीन आणता येते. दप्तराचे लोंबणारे पट्टे कापून टाका, दारात अडकतात. आणि पावसाळ्यात डोळ्यांवर येणाऱ्या टोपीचा रेनकोट नको, मुलाला बाजूचं काही दिसत नाही.


जर्सीकर | मंगळवार, रात्री 8:10

न्यू जर्सीत एडिसनला आहे. पाच हत्तीची पावलं इथेही अशीच शिकवतात, हत्तीऐवजी राक्षसाची, एवढाच फरक. इथे बस थांबून लाल दिवे लुकलुकायला लागले आणि बाजूची थांबा पाटी उघडली की दोन्हीकडची वाहतूक थांबते. आमच्या राज्यात बसपासून किमान 25 फूट लांब. समोरून येणाऱ्यानंही थांबायचं. बसमध्ये सीटला बांधायचे पट्टेही असतात. माझी मुलगी रस्ता ओलांडताना अख्खा रस्ता श्वास रोखून उभा असतो, ते बघून पहिल्या दिवशी मला रडू आलं होतं.

आपल्याकडेही हे का करू नये?


तिरपागडे | मंगळवार, रात्री 8:25

करा की. सिंहगड रोडवर पाटी उघडून बघा. मागचा दुचाकीवाला पाटीच्या खालून जाईल.


निर्गुडी | मंगळवार, रात्री 9:00

हसले, पण खरंय. जर्सीकर, आपल्याकडे बस थांबली म्हणून रस्ता थांबेल असं गृहीत धरून काहीही आखता येत नाही. म्हणून स्टॉप घराच्याच बाजूला हवा. आमच्या समितीनं जर एकच काम नीट केलं असेल तर ते हे. ज्या मुलांना उतरून रस्ता ओलांडावा लागत होता त्यांची यादी केली, नऊ निघाली. सात जणांचे स्टॉप बस परत फिरताना घेतले. मुलं बारा मिनिटं उशिरा घरी पोचायला लागली आणि त्यावरून दोन आया माझ्याशी अजून बोलत नाहीत.


मारुतीचा_स्टेपनी | बुधवार, पहाटे 5:35

नाशिकला व्हॅन चालवतो. अकरा वर्षं झाली. पिवळी पाटी, परवाना, बॅज, सगळं आहे. राग मानू नका, थोडं आमच्या बाजूचं लिहितो.

डॉक्टरताई बोलल्या ते सोळा आणे खरं. आमची भीतीसुद्धा तीच आहे. गाडी चालवायची भीती नाही वाटत, गाडी हलवायची वाटते. मी खाली उतरून पूर्ण चक्कर मारल्याशिवाय निघत नाही. मागे घ्यायची वेळ आली तर पोरं आत बसलेली असतानाच घेतो, उतरवल्यावर कधीच नाही. तुमच्या सोसायट्यांचा वॉचमन गाडी आत सोडतो आणि वळायला जागा नसते. स्टॉप गेटबाहेर, कट्ट्यावर ठेवा म्हणून सांगून थकलो. पालक म्हणतात बिल्डिंगखालीच सोडा. बिल्डिंगखाली सोडायचं म्हणजे रिव्हर्स आलाच.

आता पालकांचं. रोज एक तरी घर, "काका दोन मिनिटं, डबा भरतेय." सहा घरांची दोन दोन मिनिटं म्हणजे बारा मिनिटं. शाळेचं गेट कुणासाठी थांबत नाही. ती बारा मिनिटं मी कुठून काढणार? रस्त्यातूनच ना. वेग वाढतो तो तिथे, ताई. 2024 मध्ये सरकारनं चौथीपर्यंतच्या शाळा नऊला किंवा नऊनंतर भरवायला सांगितलं. लेकरांची झोप होते, चांगलं आहे. पण नऊला सगळं गाव रस्त्यावर असतं, म्हणून वेळेवर उभं राहणं आता जास्त गरजेचं झालंय.

आणि न येणाऱ्या पोराचा फोन. पोरगं आजारी, मामाकडे गेलं, आईनं शाळेतून परस्पर नेलं, कुणी कळवत नाही. आठवड्यातून तीन वेळा असं झालं की मावशीला सवयच लागते, दिसलं नाही म्हणजे कुणीतरी नेलं असणार. मावशीची चूक झाली, ती चूकच. पण ती सवय तिला कुणी लावली तेही बघा.

दुपारच्या पोरांना झोप लागतेच. मी केजीची पोरं माझ्या मागच्या सीटवर बसवतो, मोठी मागे. एवढं सांगून थांबतो, सहाला पहिली फेरी आहे.


चहाबाज | बुधवार, सकाळी 8:00

आमचा आजचा डबा वेळेत भरला गेला आहे, याची नोंद घ्यावी.


नलूआजी | बुधवार, सकाळी 11:15

मी आजी आहे, नातीला मीच घेते. मृद्गंधा, तुझ्या सासूबाईंना सांग, त्यांनी विचारलं हेच फार मोठं केलं. मी असते तर कदाचित मावशीचं ऐकून वर गेले असते. आता मी ठरवलंय, नात दिसली नाही तर बसच्या पायरीवर उभी राहणार आणि आत डोकावल्याशिवाय हलणार नाही. मागच्यांनी वाजवू देत हॉर्न. म्हातारीला कोण काय म्हणणार.

आणि आम्हा आजीआजोबांनी खाली येताना फोन घरी ठेवावा हेही लिहिते, कारण आमच्या गेटवरचे निम्मे आजोबा बस येते तेव्हा सकाळच्या शुभेच्छा पाठवत असतात.


पैनगंगा | बुधवार, दुपारी 3:40

शहरातली चर्चा चांगली चाललीय. आमच्याकडे, यवतमाळच्या बाजूला, मोठ्या मुलींसाठी सरकारच्या मानव विकास योजनेच्या निळ्या एसट्या आहेत, पासही फुकट. त्यामुळे कितीतरी मुली दहावी-बारावीपर्यंत टिकल्या, माझी पुतणी त्यातलीच. पण गावातली शाळा सोडून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत पहिली-दुसरीची लेकरं जातात ती खाजगी जीपने. मावशी नाही, वही नाही. आम्ही सात घरांनी मिळून एवढंच केलं की पाळीनं एक पालक जीपमध्ये बसतो. आठवड्यातला माझा दिवस गुरुवार. पहिल्या गुरुवारी कळलं की मागचं दार आतून दोरीनं बांधलेलं होतं.


मृद्गंधा | पुढचा सोमवार, रात्री 9:30

सगळ्यांचे मनापासून आभार. बैठक झाली. समिती कागदावर होती, दीड वर्षात भेटलेली नव्हती. निर्गुडी, चहा-बिस्किटं इथेही होती.

मी फार काही मागितलं नाही. चढताना आणि उतरताना मोजणं, आणि आकडा जुळला नाही तर बस हलणार नाही. केजीची मुलं पुढच्या दोन रांगांत. मूल येणार नसेल तर पालकांनी सकाळी आठपर्यंत ग्रुपवर कळवायचं. जो पालक कळवणार नाही त्याला मावशी फोन करणार आणि तो उचलेपर्यंत बस थांबणार, म्हणजे बाकीचे आपोआप त्याला ओरडतील (ही युक्ती एका बाबांची). मावशी शेवटच्या स्टॉपवर उतरायच्या नाहीत. बस लावल्यावर काकांबरोबर मागपर्यंत जायचं आणि रिकाम्या बसचा मागून पुढे असा फोटो ग्रुपवर टाकायचा. भोंग्याचं यंत्र "बघू" झालंय. मी दर महिन्याला विचारणार आहे.

मावशींना काढून टाका असं काही पालक म्हणाले. मी नाही म्हटलं. त्या दिवसापासून मावशी प्रत्येक मुलाला नावानं हाक मारून उतरवतात, आमचीला जरा जास्तच मोठ्यानं. त्यांचं नाव मी फोनमध्ये नीट लिहून ठेवलंय.

काकांशी बोलले. हॉर्न किल्ली काढल्यावर वाजतो. शनिवारी त्यांनी रिकाम्या बसमध्ये सगळ्या केजीवाल्यांना एकेक करून वाजवू दिला. सोसायटीतून दोन तक्रारी आल्या.


पावशेर | सोमवार, रात्री 9:50

उत्तम! फोटो रोज येतोय का?


मृद्गंधा | सोमवार, रात्री 10:05

बैठकीत हे फक्त कागदावर आलं, काकांनी मागच्या गुरुवारपासूनच सुरू केलं होतं. आज 1:52 ला आला. मागून तिसऱ्या सीटखाली निळी बाटली दिसतेय, ससा असलेली. अजून कुणी विचारलेली नाही. ग्रुपवर टाकलंय, 'कुणाची?'